सत्तर घोड्यांचं बेगड

आमच्या गाडीत २२० घोडे होते. त्यांचे २९० करायचं मी ठरवलं, तेव्हा इंजिनाला हात लावला नाही, मेकॅनिककडे गेलो नाही, बॉनेटसुद्धा उघडलं नाही. पुठ्ठ्याच्या लांब नळीत गुंडाळून येणारे काळे पट्टे तेवढे मागवले.

गाडी म्हणजे १९७० सालची फोर्ड मस्टँग. मागे उतरत गेलेलं छप्पर, पुढे हे एवढं लांब नाक, आणि आत ३०२ घनइंचांचं, म्हणजे साधारण पाच लिटरचं व्ही-८ इंजिन. त्या वर्षी याच मापाचं इंजिन फोर्ड दोन अवतारांत विकत होती. एक तुमच्या-आमच्यासाठी, २२० हॉर्सपॉवरचं. दुसरं ‘बॉस ३०२’ नावाच्या मस्टँगमधलं, २९० हॉर्सपॉवरचं. ट्रान्स-ॲम शर्यतींत उतरता यावं म्हणून ही बॉस काढली होती, आणि १९७० ची ती स्पर्धा फोर्डने जिंकलीसुद्धा. बॉस लांबून ओळखू येते ती तिच्या पट्ट्यांवरून. बॉनेटवरून मागे येणारे, काचेच्या अलीकडे वळून मडगार्डावरून खाली उतरणारे आणि मग दरवाजावरून थेट मागच्या चाकापलीकडे जाणारे काळे पट्टे. आकार हॉकीच्या काठीसारखा, म्हणून नावही ‘हॉकी स्टिक’.

आमची गाडी तुमच्या-आमच्यातली. पण पट्टे लावले की ती बॉस दिसणार. सत्तर घोडे जास्तीचे, तेही वैरणीशिवाय! शिवाय मडगार्डावर चिकटणाऱ्या ‘बॉस ३०२’ या अक्षरांत अर्धं सत्य होतंच. ३०२ खरे होते, बॉस तेवढा खोटा. घरातली माझी परिस्थिती पाहता गाडी आणि मालक एकमेकांना अगदी शोभून दिसत होते.

अशा गाडीला अमेरिकेत नकली म्हणत नाहीत, ‘ट्रिब्यूट’ म्हणतात. हिला मी त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. तिने तो शांतपणे मराठीत आणला. ‘‘म्हणजे श्रद्धांजलीच की. अहो, पण गाडी अजून चालतेय ना?’’ मग माझ्या डोक्याकडे पाहत म्हणाली, ‘‘केस पांढरे झाले की माणसाला कुठे ना कुठे काळं लावावंसं वाटतं म्हणतात, ते खरं आहे.’’

आम्ही राहतो मिशिगनमधल्या ट्रॉय गावात. डेट्रॉइटच्या वरच्या अंगाला. इथे दर चौथ्या गॅरेजात ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं असतं आणि ते उघडून दाखवायला मालक टपलेला असतो. वीस वर्षं मी इथे गाड्यांच्या सीटचे भाग कॉम्प्युटरवर वाकवून मोडून बघतोय. पन्नाशी ओलांडली तेव्हा वाटलं, एकदा खरी गाडी हाताने करून बघू. नेमके त्याच उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले.

बाबा म्हणजे चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपमधले. आयुष्य पेंट शॉपमध्ये गेलं. तांबड्या एसटीवर पिवळा पट्टा ओढणे हा त्यांचा पिढीजात नसला तरी पेन्शनीचा धंदा. त्यांनी गॅरेजात येऊन गाडीभोवती एक फेरी मारली. रंग ग्रॅबर ऑरेंज, म्हणजे आपला शेंदरी.

‘‘मारुती आहे का?’’

‘‘नाही बाबा, मस्टँग.’’

‘‘रंग मारुतीचा, आणि गाडी मारुती नाही?’’ एवढं बोलून ते चहाला गेले.

नळीतून पट्टे बाहेर निघाले तेव्हा ते पुन्हा आले. बोटाने चाचपून म्हणाले, ‘‘हे तर रेडियम.’’

मला एकदम घरी गेल्यासारखं झालं. आपल्याकडे या वस्तूला रेडियमच म्हणतात. त्यात रेडियमचा कणही नसतो, पण नाक्यावरच्या पाटीवर ‘येथे रेडियम काम करून मिळेल’ असंच असतं. तो रेडियमवाला डोळ्यांसमोर आला. उलट्या क्रेटवर बसलेला, तोंडात ब्लेडचं अर्धं पातं, शेजारी साबणपाण्याची बिसलेरीची बाटली. रिक्षावाला सिगारेट संपवून परत येईपर्यंत मागच्या काचेवर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ चिकटलेला असायचा, ‘र्वा’चा रफार वेगळा कापून. माप नाही, टेप नाही. एक डोळा मिटायचा आणि अंगठा दाबायचा.

अमेरिकेत हे काम घरी स्वतः करतात. म्हणजे काय, तर रेडियमवाल्याचं पंधरा मिनिटांचं काम तीन शनिवार-रविवार करतात आणि त्यासाठी रेडियमवाल्याच्या दुकानापेक्षा जास्त हत्यारं विकत घेतात. माझ्याकडे आली ती अशी: स्प्रेच्या दोन बाटल्या, फेल्ट लावलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या तीन मापांच्या, मास्किंग टेप दोन रुंदींचा, हीट गन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेण आणि तेल काढायचं द्रावण, धागे न सुटणारी फडकी, आणि तिवईवर उभा राहून भिंतीवर लाल रेघ मारणारा लेझर. बाबांनी सगळं पाहून घेतलं आणि विचारलं, ‘‘दोरा कुठंय?’’

दोरा नव्हता.

* * *

खरं तर या पट्ट्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. साठीच्या दशकात अमेरिकेतल्या गाडी कंपन्यांनी मध्यम आकाराच्या गाड्यांत राक्षसी इंजिनं घालायला सुरुवात केली. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ ही त्यातली आद्य मानतात. पण इंजिन असतं बॉनेटखाली. शेजाऱ्याला ते दिसत नाही. आणि शेजाऱ्याला दिसत नसेल तर एवढे पैसे कशाला घालवायचे? म्हणून मग जोर अंगावर लिहायला सुरुवात झाली. डॉजने गाडीच्या शेपटीला भुंग्यासारखा पट्टा गुंडाळला. प्लिमथने रोड रनर या कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सला पैसे मोजले, आणि १९७० च्या मॉडेलवर तो पक्षी धूळ उडवत पळतोय असा धुळीचाच पट्टा काढला. १९७१ च्या कुडा गाडीवर तर मागच्या पूर्ण पाखावर इंजिनाचा आकडा लिहिला, आपल्याकडे निवडणुकीत भिंत रंगवतात तसा.

आमच्या बॉसचे पट्टे आखले लॅरी शिनोडा या डिझायनरने. सांगतात की, कशावर काम चाललंय असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, बॉसच्या गाडीवर. बॉस म्हणजे फोर्डचे तेव्हाचे अध्यक्ष बंकी नुडसन. त्यांनीच शिनोडाला जनरल मोटर्समधून आणलं होतं. हेच नाव गाडीला चिकटलं. पुढे सप्टेंबर १९६९ मध्ये, म्हणजे १९७० ची मॉडेलं शोरूममध्ये लागायच्या महिन्यातच, हेन्री फोर्ड दुसरे यांनी नुडसनना घरी पाठवलं, आणि त्यांच्यामागून शिनोडाही गेला. बॉस बाजारात आली आणि बॉस घरी गेला. पट्टा मात्र टिकला. नोकरीपेक्षा डिंक पक्का, असा त्याचा अर्थ.

पुढे प्रदूषणाचे नियम आले, विमा महागला, पेट्रोल कडाडलं. इंजिनं मरगळत गेली आणि गंमत म्हणजे स्टिकर फोफावत गेले. १९७३ पासून फायरबर्ड ट्रान्स-ॲमच्या अख्ख्या बॉनेटवर पंख पसरलेला पक्षी बसला. १९७६ ची मस्टँग कोब्रा टू तर चार सिलिंडरच्या छोट्या इंजिनावरही मिळायची, पण अंगावर पट्टे, नाग आणि मागे पंख. पहिलवान म्हातारा झाला की मिशीला जास्त पीळ देतो, तसंच.

हे सगळं मी बाबांना रंगात येऊन सांगितलं. ते म्हणाले, ‘‘म्हणजे बेगड.’’

आमच्या गावी पोळ्याला बैलाची शिंगं तासून, रंगवून त्यावर चमचमता कागद चिकटवतात, ते बेगड. बाशिंग, गोंडे, घुंगुरमाळा आणि पाठीवर झूल हे मागून. बेगडाने बैलाच्या अंगात एक मूठ जोर वाढत नाही. आणि बेगड लावताना, या बैलाने औंदा किती एकर ओढलं, असं कोणी विचारत नाही.

‘‘शिंगाला बेगड लावायच्या आधी काय करतात, आठवतं का?’’ बाबांनी विचारलं.

‘‘शिंगं घासून कोरडी करतात.’’

‘‘मग घास. तेलकट शिंगाला बेगड धरत नसतं.’’

बारा भाषांत छापलेल्या सूचनापत्रकाचं पहिलं पानही हेच सांगत होतं. नवा रंग असेल तर महिनाभर तरी थांबा, नाहीतर रंगातलं थिनर खालून वाफ होऊन निघतं आणि पट्ट्याला फोड येतात. मग मेण काढा, तेल काढा, अल्कोहोलने पुसा. गाडीचा पत्रा २१ अंशांच्या आसपास असू द्या, उन्हात तर मुळीच चिकटवू नका. मी रंगाला दोन महिने दिले होते. राहता राहिला जुलैचा उकाडा, म्हणून मुहूर्त सकाळी सहाचा धरला.

* * *

पहिल्या रविवारी डावी बाजू. कर्ता मी, मदतीला सोळा वर्षांची कन्या आणि तिचा हेअर ड्रायर. बाबा घडीच्या खुर्चीवर, हातात चहा.

पट्ट्याची रचना तीन पदरी असते. खाली गुळगुळीत कागद, मध्ये खरा पट्टा, वर धरून ठेवणारा टेप. खालचा कागद सोलायचा, डिंकावर आणि पत्र्यावर साबणपाणी फवारायचं, पट्टा ठेवायचा, सरकवून जागेवर आणायचा, मग मधून कडेकडे प्लास्टिकची पट्टी फिरवून पाणी हाकलायचं. थोडं थांबून वरचा टेप अगदी सपाट दुमडून सावकाश ओढायचा. वाचायला दोन मिनिटं लागतात.

सगळी मेख साबणात आहे. पत्रकात ‘काही थेंब’ म्हटलं होतं. काही म्हणजे किती, हा प्रश्न आपल्या पाककृतीतल्या चवीपुरत्या मिठाइतकाच गहन. मी सढळ हाताने भांड्याचा साबण ओतला. पट्टा मडगार्डावर ठेवला तर तो बोरिक पावडर मारलेल्या कॅरमवरच्या सोंगटीसारखा सरकायला लागला. पुढचं टोक जागेवर आणावं तर मागचं निघून जाई. दोन्ही जागेवर आणून मी घाम पुसायला वळलो, तेवढ्यात अख्खा पट्टा दोन बोटं खाली उतरून, दमलेल्या माणसासारखा टेकून बसला होता.

दाराच्या तुकड्याला मी धडा घेतला आणि साबण जवळजवळ घातलाच नाही. तो टेकला तिथेच चिकटला. म्हणजे असा चिकटला, की सोडवताना माझ्या तोंडून निघालेले शब्द ऐकून कन्येने त्यांचा अर्थ आजोबांना विचारला. आजोबांनी त्या मराठवाड्यातल्या भाज्या आहेत असं सांगितलं.

मग ते वळण आलं. बॉनेटवरून आलेला पट्टा जिथे मडगार्डाच्या कडेवरून खाली वळतो ती जागा. कागदावर ती हॉकीची काठी. बाबांच्या मते आंबे उतरवायची आकडी. साधी फिल्म असती तर गरम करून ताणता आली असती. पण हे पट्टे रात्री उजेड परतवणारे. फिल्मच्या आत काचेचे बारीक मणी बसवलेले, त्यामुळे ती ताठ. ओढली तर ओढली जात नाही, दाबली तर दुसरीकडे उचलते. पत्र्याची कड इकडे गोल, तिकडे उतरती. मी एका बाजूने निरी दाबली की दुसऱ्या बाजूला दोन निऱ्या पडत. कन्येने हेअर ड्रायर धरला, मी अंगठा धरला, हिने दारातून श्वास धरला. अर्ध्या तासाने निऱ्या गेल्या. उरला तो एक फुगा, मसुराच्या डाळीएवढा. टाचणीने टोचून हवा काढायची असते. मी टोचली. हवा गेली, पाणीही गेलं, फुगा गेला नाही. आत काहीतरी कण होता. फडक्याचा धागा असेल. धागे न सुटणाऱ्या.

दुपारी एकला डावी बाजू पूर्ण झाली. मी मागे सरकून कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. बाबांनी चहाचा चौथा कप खाली ठेवला.

‘‘मागं वर गेलाय.’’

‘‘बाबा, लेझर लावला होता.’’

‘‘लेझर लाव नाहीतर काय लाव. मागं बोटभर वर गेलाय.’’

मी पुन्हा लेझर लावला. लाल रेघ पट्ट्याच्या कडेवरून सुरीसारखी सरळ गेली. इकडे पत्र्याला मूळचीच एक दुमड आहे, पुढून मागपर्यंत जाणारी. तिच्यापासून पट्टा पुढे जितका लांब होता तितका मागे नव्हता, हे मलाही दिसत होतं. पण मी इंजिनीअर. मी निष्कर्ष काढला की पट्टा बरोबर आहे आणि १९७० साली फोर्डने गाडी वाकडी बनवली.

बाबा काही न बोलता आत गेले आणि लिंबू घेऊन आले. हिला वाटलं पूजा आहे, ती मागोमाग हळदकुंकू घेऊन निघाली. बाबांनी लिंबू चाकाखाली न ठेवता जमिनीवर ठेवलं आणि हात काढला. लिंबू क्षणभर थांबलं, मग हलकेच दाराच्या दिशेने निघालं. गॅरेजच्या बाहेर पडलं, ड्राइव्ह-वेवरून वेग घेतला आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या शेजारच्या आजोबांच्या बुटाला जाऊन लागलं.

मिशिगनमध्ये गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार देतात, हे मला ठाऊक होतं. हिवाळ्यात गाडीला चिकटून आत आलेला बर्फ वितळला की पाणी बाहेर जावं म्हणून. लेझरने आपलं काम चोख केलं होतं. त्याने पट्टा पृथ्वीला समांतर ठेवला होता. गाडी मात्र नाक आत आणि शेपूट दाराकडे करून उतारावर उभी होती, त्यात मागचे पाटे पन्नास वर्षांत बसलेले.

‘‘पेंट शॉपमध्ये बस खड्ड्यात उभी असली,’’ बाबा म्हणाले, ‘‘तर पट्टा कामून खड्ड्यात न्यायचा? आम्ही खिडकीची कड धरायचो. गाडीचं माप गाडीवरूनच घ्यायचं असतं.’’

* * *

शेजारचे आजोबा लिंबू परत करायला आले आणि तिथेच थांबले. हे गृहस्थ तरुणपणी डिअरबॉर्नच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर होते, जिथे मस्टँग बनायची. त्यांनी वाकून डावी बाजू पाहिली, उजवी कोरी बाजू पाहिली आणि हसायला लागले. म्हणाले, आमच्या वेळी मिनिटाला एक गाडी पुढ्यात यायची. डावी बाजू माझी, उजवी पलीकडच्याची. मध्ये गाडी. आम्ही दोघं एकमेकांना जेवणाच्या सुट्टीतच भेटायचो. मग डावी-उजवी सारखी कुठून असणार?

‘‘आणि कोणी तक्रार करायचं नाही?’’

‘‘दोन्ही बाजू एकाच वेळी बघता येणारा माणूस मला अजून भेटायचाय.’’

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि स्वतःच्या इंग्रजीत म्हणाले, ‘‘एसटी ऑल्सो.’’ दोघांनी हस्तांदोलन केलं. त्या दिवसापासून दोघं रोज संध्याकाळी फूटपाथवर खुर्च्या टाकून बसायचे. भाषा कोणालाच कोणाची येत नव्हती, पण जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक गाडीचे दरवाजे कुठे बसत नाहीत यावर एकमत व्हायचं.

पुढच्या रविवारी उजवी बाजू बाबांनी लावली. हिच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला. पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बोटभर रुंदीचा तुकडा केला. पुठ्ठ्याची एक कड पत्र्याच्या दुमडीला लावायची, दुसरीपाशी मास्किंग टेपने दोरा टाचायचा. वीतभर पुढे जायचं, पुन्हा पुठ्ठा. टोकापर्यंत पोचल्यावर गाडीच्या मागे जाऊन एक डोळा मिटला, नातीला म्हणाले, ‘‘मधला जरा खाली घे. अजून एक केस. बास.’’ साबणपाण्यात बोट बुडवून अंगठ्यावर चोळून बघितलं आणि बुळबुळीत लागेना तोपर्यंत पाणी वाढवलं. वळणाच्या जागी घाई केली नाही. ऊब दिली, अर्धं दाबलं, खुर्चीत बसले, पाणी प्यायले, उरलेलं अर्धं दाबलं. दीड तासात पट्टा बसला. माझी हीट गन खोक्यातून बाहेरही आली नाही. दिवसभराने वरचा टेप सोलताना बाबांनी एका हाताने ओढला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पट्ट्याच्या कडेवरून मागोमाग सरकवत नेला, तान्ह्या मुलाला झोपवून उठताना आई आपला हात काढून घेते, तेवढ्या सावकाश.

फुगा एकही नव्हता. मी टाचणी खिशात घालून फिरत होतो, ती तशीच राहिली.

डावी बाजू काढून पुन्हा लावावी, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण नवा संच मागवायचा म्हणजे पुन्हा डॉलर, आणि काढताना नवा रंग सोलून निघाला असता. शेवटी हिने निकाल दिला. ‘‘एवढं काय त्यात? आपल्या लग्नाच्या फोटोत तुमची मुंडावळी कुठे सरळ आहे?’’

* * *

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. फर्नडेल गावातल्या मुलांना सॉकरचं मैदान करून द्यायला पैसे हवे होते, म्हणून १९९५ साली ही सुरू झाली. आता फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत रस्ताभर जुन्या गाड्या वाहतात आणि लोक पहाटेच खुर्च्या टाकून जागा धरतात. साठीच्या दशकात याच रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल पोरं शर्यती लावत. आता तीच पोरं सत्तरीत आहेत आणि गर्दीमुळे पायी चालल्याच्या वेगाने जातात. त्यांना वाईट वाटत नाही. गुडघ्यांना क्लच झेपेल एवढाच वेग बरा.

बाबा माझ्या शेजारी बसले होते. डोक्यावर नातीने दिलेली बेसबॉलची टोपी. बराच वेळ ते बोललेच नाहीत. बाजूने एक लालभडक चार्जर गेली, मग पक्षी पसरलेली ट्रान्स-ॲम, मग घासूनपुसून तेल लावल्यासारखी एक काळी शेव्हेल. एकही गाडी कामाला निघालेली नव्हती. सगळ्यांना आंघोळी घातलेल्या, अंगावर झुली, शिंगांना बेगड. रस्त्याच्या दोन्ही कडांना अख्खा गाव. तिकडे घरी पोळाही याच सुमारास येतो.

‘‘वेशीतून काढलेत की रे,’’ बाबा हळूच म्हणाले.

मला तेव्हा कळलं की वीस वर्षं इथे राहून मी जे कोणाला समजावू शकलो नसतो, ते त्यांना टोपीखालून पाच मिनिटांत दिसलं होतं.

दुपारी रॉयल ओकला गाडी लावली. एक जाणकार गृहस्थ आले. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलंही नाही. सरळ पुढच्या काचेशी वाकले आणि डॅशबोर्डवरच्या पट्टीवरचा क्रमांक वाचू लागले. गाडीची ही जन्मपत्रिका असते. पाचवं अक्षर इंजिनाचं. खऱ्या बॉसला तिथे ‘जी’ असतो, आमच्या गाडीला ‘एफ’. शाळेत ‘एफ’ मिळालेल्या मुलाच्या बापाचा चेहरा करून मी उभा राहिलो. ते सरळ झाले, म्हणाले, ‘‘ट्रिब्यूट.’’ मी म्हणालो, ‘‘हो.’’ ते उजव्या अंगाने मागपर्यंत चालत गेले, एक डोळा मिटला, परत आले आणि म्हणाले, ‘‘पट्टा कोणी लावला?’’

मी बाबांकडे बोट दाखवलं. मराठी गड्याने खोटं बोलायची ती एक संधी मी का सोडली, ते मलाही कळलं नाही.

‘‘डावी बाजू?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘फोर्डची लाइन,’’ बाबा मध्येच म्हणाले. शेजारच्या आजोबांकडून त्यांनी तेवढं इंग्रजी उचललं होतं.

परतताना माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. वुडवर्ड हा दुभाजकाचा रस्ता. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे जाताना काय आणि येताना काय, खुर्च्या टाकून बसलेल्या लोकांकडे येते ती गाडीची उजवीच बाजू. दिवसभर टाळ्या आणि शिट्ट्या झाल्या त्या बाबांच्या पट्ट्याला. माझी डावी बाजू दिवसभर पाहिली ती मधल्या गवताने. गवताने काही तक्रार केली नाही.

घरी पोचेपर्यंत अंधार झाला होता. शेजारच्यांच्या गाडीचा हेडलाइट पडला आणि काळे पट्टे एकदम पांढरे झाले, चांदीच्या जरीसारखे. हिने पुरणपोळी केली होती. बाबांनी ताटातून एक घास मोडला आणि बाहेर येऊन बॉनेटवर ठेवला, पट्ट्याच्या बरोबर वर, तुपासकट. मेण, तेल, तूप यांपासून पट्टा दूर ठेवा, हे पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. मी फडकं आणायला निघालो आणि अर्ध्या वाटेत थांबलो. पोळ्याच्या दिवशी बैलाचं तोंड कोणी पुसत नाही.

ऑक्टोबरात बाबा परत गेले. नोव्हेंबरात इथल्या रस्त्यांवर मीठ पडायला लागतं, तेव्हा गाडीवर जाड कापडाची झूल चढली. तिला आता एप्रिलपर्यंत औत नाही, काही नाही. दर पंधरा दिवसांनी मी झूल काढून इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो, २२० च्या २२० घोड्यांना पाय मोकळे करू देतो. गॅरेजचं आतलं दार गाडीच्या डाव्या अंगाला उघडतं, आणि स्टिअरिंगही डावीकडेच. दोन पावलांत बसता येतं. पण मी नाकाकडून वळसा घालतो, उजव्या बाजूने एक डोळा मिटून शेपटीपर्यंत जातो आणि मग फिरून डावीकडे येऊन बसतो.